कॉर्नियाच्या नसा: हाताने ट्रेस कराव्यात की सॉफ्टवेअरला द्याव्यात?

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारी माझी भाची नेत्ररोगात एमएस करतेय. थीसिससाठी तिला शुगरच्या पेशंटांच्या कॉर्नियातल्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातल्या, नसा मोजायच्या आहेत. "मामा, हाताने करू की सॉफ्टवेअरने?" असं तिने विचारलं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दोन्ही करून पाहिलंय. ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितो.

मधुमेहात बारीक नसांना लवकर इजा होते. कॉन्फोकल मायक्रोस्कोपने त्या कॉर्नियात थेट दिसतात, त्वचेचा तुकडा काढावा लागत नाही. नेहमीच्या यंत्रात फोटोची चौकट 400 × 400 मायक्रॉनची, म्हणजे 0.16 चौरस मिलिमीटर असते. तिच्यातल्या सगळ्या नसा मिळून 3.2 मिमी भरल्या, तर घनता होते दर चौरस मिलिमीटरला 20 मिमी. म्हणजे 0.1 मिमीची एखादी शाखा सुटली तरी उत्तर 0.6 ने घसरतं.

अशा शाखा माणसाचा डोळा जास्त पकडतो. हाताने ट्रेस करण्याची खरी ताकद हीच. पण एकच फोटो मी पंधरा दिवसांनी पुन्हा ट्रेस केला, तेव्हा आधी धरलेल्या दोन पुसट शाखा मीच सोडल्या होत्या. शिवाय वेळ फार जातो. न्यूरॉन-जे हे ट्रेसिंगला मदत करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात आपण क्लिक करत जायचं आणि रेघ नसेला धरून पुढे सरकते. हात कमी दुखतो, पण कुठली नस धरायची हे तरीही आपल्यालाच ठरवावं लागतं.

मँचेस्टर विद्यापीठाचं एसीसी-मेट्रिक्स हे सॉफ्टवेअर सगळं स्वतः करतं. मुख्य नसा लाल, शाखा निळ्या. तोच फोटो कितीदाही द्या, उत्तर तेच. मात्र पुसट नसा ते सोडतं, त्यामुळे त्याचा आकडा हाताच्या आकड्यापेक्षा बहुधा कमी येतो. म्हणून हाताने मोजून ठरवलेली नॉर्मलची मर्यादा त्याला लावू नका. ही चूक मी प्रत्यक्ष पाहिलीय, धडधाकट माणूस उगाच आजारी ठरतो. दुसरी अडचण डेंड्रिटिक पेशींची, म्हणजे कॉर्नियातल्या रोगप्रतिकारक पेशींची. लांब फांद्यांची चकचकीत पेशी नसेला चिकटून असली, की सॉफ्टवेअर तिला शाखा समजू शकतं.

भाचीला मी सॉफ्टवेअरच घे म्हटलं. शेकडो फोटो आहेत आणि सगळ्यांना एकच माप लागायला हवं. पण प्रत्येक फोटोवरच्या लाल-निळ्या रेघा स्वतः बघायच्या. एकाच पेशंटचा निर्णय करायचा असता तर मी हातानेच ट्रेस केलं असतं. फोटो निवडणाऱ्याला कुठला पेशंट मधुमेही आहे हे कळू देऊ नकोस, हेही बजावलं. चांगले दिसणारे फोटो तेवढे उचलले गेले, तर मोजणी कशानेही करा, निकाल वाकडाच येणार.

काल तिने पहिले फोटो पाठवले. त्यातल्या दोन फोटोंत दाबामुळे पडलेल्या काळ्या आडव्या घड्या होत्या. ते काढून टाकायला सांगितलंय.