ताबा दिल्यानंतरचा विकासक: मुलुंडच्या नव्या सदनिकेतील दुरुस्ती सेवेचे परीक्षण

मुलुंड पूर्वेला आम्ही घेतलेल्या दोन बेडरूमच्या सदनिकेचा ताबा जानेवारी २०२३ मध्ये मिळाला. जागा, उजेड, स्टेशनपासूनचे अंतर यांबद्दल माझी तक्रार नाही. हे परीक्षण केवळ विकासकाच्या ताब्यानंतरच्या दुरुस्ती सेवेचे आहे. घर घेण्यापूर्वी नमुना सदनिका सगळेच पाहतात, पण हा विभाग कसा चालतो याची चौकशी कोणी करत नाही आणि आम्हीही केली नव्हती. पाचपैकी तीन तारे देते.

ताब्याच्या दिवशी आम्ही नाणे घेऊन प्रत्येक लादी वाजवून पाहिली, नळ सोडले, दारे उघडून मिटून पाहिली आणि एकतीस बाबींची यादी केली. ताबापत्रावर ‘सदनिका पाहून पूर्ण समाधान झाले’ असे छापील वाक्य होते. त्याखाली ‘सोबतच्या यादीच्या अधीन राहून’ एवढे शब्द लिहून मगच सही केली. पोकळ वाजणाऱ्या लाद्या, अडकणारी कडी, रंगाचे ओघळ ही कामे तीन आठवड्यांत झाली, कारागीर सांगितलेल्या वेळी आले आणि जाताना कचराही उचलून नेला. रंगाखाली झाकता येणाऱ्या कामांत हा विभाग तत्पर आहे, हे मान्य केले पाहिजे.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या सरकत्या खिडकीतून पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत आले आणि पलंगाखाली थारोळे झाले. साइट इंजिनियर आले, खिडकीच्या कडेने सिलिकॉन भरून गेले आणि विकासकाच्या तक्रार-ॲपवर तक्रारीपुढे ‘निवारण झाले’ अशी नोंद पडली. पुढच्या सरीला पुन्हा पाणी. असे तीन वेळा झाल्यावर ते म्हणाले, ‘‘मॅडम, पाऊस तिरका येतो, त्याला आम्ही काय करणार? डिझाइनच तसं आहे.’’ मुंबईत पाऊस सरळ केव्हा पडतो, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

सिलिकॉनने हे थांबणारच नव्हते, कारण पाणी चौकटीच्या कडेने येत नव्हते. ॲल्युमिनियमच्या खालच्या पट्टीत पाणी साचणे स्वाभाविक आहे. ते बाहेर जावे म्हणून पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोके असतात. आमच्या खिडकीत ही भोके मोजकी होती आणि त्यांतली निम्मी सिमेंटने बुजली होती, शिवाय वाऱ्याच्या दाबामुळे उरलेल्यांतूनही निचरा होत नसे, त्यामुळे पट्टी भरली की पाणी आतल्या, कमी उंचीच्या कडेवरून खोलीत सांडत असे. त्यात खिडकीखालच्या ग्रॅनाइटचा ढाळ बाहेर असण्याऐवजी किंचित आत होता; पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवल्याबरोबर बुडबुडा बाहेरच्या, म्हणजे उंच बाजूला सरकला आणि वाद मिटला, निदान आमच्या घरापुरता. यजमानांनी आमच्या वरच्या व खालच्या घरांत तीच पाणसळ नेली. एकाच रांगेतल्या आठ घरांत तोच ढाळ निघाला.

‘डिझाइनच तसं आहे’ हे उत्तर इथे तपासण्याजोगे आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील दोष, अथवा कारागिरी, दर्जा किंवा सेवांची तरतूद यांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने, म्हणजे विकासकाने, तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. इंजिनियरांचा रोख असा की, रचना मंजूर नकाशाप्रमाणे आहे, म्हणजे हा दोष नव्हे. पण मंजूर नकाशात खिडकी कुठे आणि केवढी हे दिसते, तिच्याखालचा दगड कोणीकडे कलला आहे हे नाही. आम्ही म्हणून ‘रचना सदोष आहे’ हा शब्दप्रयोगच पत्रातून काढून टाकला आणि ‘खिडकीखालील दगडाचा ढाळ आतील बाजूस, निचऱ्याची भोके अपुरी व बुजलेली’ असे छायाचित्रांसह लिहिले. आठही घरांची स्वतंत्र पत्रे एकाच दिवशी ईमेलने आणि स्पीड पोस्टने गेली. त्यांत तीस दिवसांचा उल्लेख होता, महारेराचा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचाही होता. धमकीची भाषा नव्हती.

बाराव्या दिवशी मुख्य कार्यालयातून वरिष्ठ अभियंता आले. त्यांनी बाहेरून रबरी नळीने खिडकीवर पाणी मारून घेतले, दहा मिनिटे गप्प उभे राहिले आणि दोष मान्य केला. त्यापूर्वीच्या सात आठवड्यांत ॲपवरच्या तीन तक्रारींनी जे झाले नाही, ते एका नळीने झाले. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये चौकटी उतरवून दगड बाहेरच्या ढाळाने पुन्हा बसवले, दगडाच्या खालच्या बाजूस पाणी मागे वळू नये म्हणून खाच पाडली आणि पट्टीला नवी, मोठी भोके पाडली. पुढच्या दोन्ही पावसाळ्यांत थेंब आत आलेला नाही. एक तारा या अभियंत्यांचा, एक त्या कारागिरांचा.

बाथरूमचा निकाल अर्धाच लागला. न्हाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जाण्याचे जाळीचे तोंड, शॉवरच्या खाली नसून दाराजवळ आहे, त्यामुळे आंघोळीचे पाणी अख्खी लादी ओलांडून उंबऱ्याशी जमते. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर असल्याने ही केवळ गैरसोय नाही. ट्रॅपची जागा बदलायची तर लाद्या आणि त्यांखालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल, पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यावी लागेल आणि खालच्या घराच्या छताचा धोका पत्करावा लागेल. विकासकाने याला नकार दिला, तेव्हा राग आला होता. आता वाटते की, या एका बाबतीत त्यांचा संकोच अगदीच खोटा नव्हता. शेवटी शॉवरच्या बाजूला पाणी अडवणारी ग्रॅनाइटची पट्टी बसवून तिच्या आत स्वतंत्र ढाळ व कडेने ट्रॅपपर्यंत उघडी पन्हळ करून दिली. पाणी दाराशी येत नाही, पण पन्हळ रोज घासावी लागते.

इथे एक सावधगिरी सांगते. शेजाऱ्यांनी राहायला येण्यापूर्वीच बाथरूमच्या लाद्या स्वखर्चाने बदलल्या होत्या. लेखी परवानगीशिवाय स्वयंपाकघर वा बाथरूममध्ये फेरफार केल्यास दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते, असे कलम आमच्या सर्वांच्या करारात आहे. त्यावर बोट ठेवून त्यांची ओलीची तक्रार पहिल्याच पत्रात फेटाळली गेली. नव्या घरात फर्निचरवाल्याला बोलावण्याआधी करारातले ते पान वाचून घ्यावे.

कापलेल्या दोन ताऱ्यांपैकी एक ॲपचा आहे: तक्रार बंद करण्याचा अधिकार ज्याची तक्रार आहे त्याला नसून जो दुरुस्ती करतो त्याला आहे. दुसरा एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी ठेवलेल्या कट्ट्याचा. बेडरूमच्या भिंतीबाहेर, कोणत्याही खिडकीतून हात न पोहोचणारा हा कट्टा अकराव्या मजल्यावर आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने दोरी बांधून उतरण्याची तयारी दाखवली आणि आम्ही त्याला चहा देऊन परत पाठवले. विकासकाचे म्हणणे, कट्टा नकाशात आहे आणि नकाशाप्रमाणे बांधला आहे, आणि यावेळी ते खरे आहे. युनिट आम्ही ड्राय बाल्कनीत हलवले. वाढीव तांब्याच्या पाइपचे निम्मे पैसे देण्याचे त्यांनी तोंडी कबूल केले होते. लेखी मागितल्यापासून उत्तर आलेले नाही.