स्टॅक्सच्या रेकॉर्ड जमवायच्या आहेत: निळं लेबल की पिवळं?

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं सोल आणि फंक संगीत जमवायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, मूळ प्रत घेऊ की नवी आवृत्ती? मी त्याला उलट विचारतो, निळं लेबल (रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद) की पिवळं? नाव एकच असलं, तरी जमवणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या कंपन्या आहेत.

निळं लेबल १९६१ ते १९६८ पर्यंतचं. फिकट निळा कागद, त्यावर रेकॉर्डची चळत. कंपनी चालवणारे जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांच्या आडनावांची सुरुवातीची दोन-दोन इंग्रजी अक्षरं घेऊन स्टॅक्स हे नाव झालं. स्टुडिओ होता मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या थिएटरात. तिथली उतरती जमीन त्यांनी तशीच ठेवली होती, आणि तिथल्या आवाजात तिचाही वाटा आहे. बुकर टी. जोन्स, स्टीव्ह क्रॉपर, डक डन आणि अल जॅक्सन हा कंपनीचा घरचा वाद्यवृंद गायकांमागे वाजवायचा. या काळातलं खरं सोनं सात इंची ४५ मध्ये, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डमध्ये आहे. गाणी अडीच-तीन मिनिटांची, मोनोमध्ये म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीत, रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर उठून दिसतील अशी. एलपी बरेचदा या गाण्यांची मोट बांधून काढलेले असत.

गायक ओटिस रेडिंगचा १९६५ चा एलपी ‘ओटिस ब्लू’ मात्र याला ठसठशीत अपवाद. तो जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्यातलं ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ स्टीरिओसाठी पुन्हा गायलेलं आहे, त्यामुळे मोनो प्रत आणि स्टीरिओ प्रत सारखी नाही. माझा जीव मोनोवर आहे.

मग १९६८ उजाडलं. स्टॅक्सच्या रेकॉर्ड बाजारात पोचवणारी अटलांटिक कंपनी वॉर्नरने विकत घेतल्यावर स्टॅक्सचा तिच्याशी असलेला वितरणाचा करार संपला. तेव्हा कळलं की करारातल्या एका कलमाने जुने मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, अटलांटिकचे झाले आहेत. १० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात ओटिस गेला होता, आणि काही महिन्यांतच कंपनीच्या हातून त्याचा आवाजही गेला. मला हे आजही लागतं.

पिवळं लेबल, चुटकी वाजवणारा हात, हे त्यानंतरचं. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या अल बेलने १९६९ मध्ये एकदम २७ एलपी बाजारात आणले. ते सगळेच चांगले नाहीत, पण त्यातलाच एक आयझॅक हेजचा ‘हॉट बटर्ड सोल’. अख्ख्या एलपीवर चार गाणी, त्यातलं पहिलंच बारा मिनिटांचं. इथून एलपी ही सलग ऐकायची गोष्ट झाली. बुकर टी.चा ‘मेल्टिंग पॉट’, स्टेपल सिंगर्स, रूफस थॉमस. फंक हवं असेल तर इकडेच या. डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीने हे सगळं थांबलं.

पैशांचा हिशेब केला, तर पिवळ्या काळातल्या गाजलेल्या एलपींच्या अमेरिकी प्रती भरपूर निघाल्या, म्हणून मूळ प्रत आवाक्यात येते. मात्र क्रमांक बघून घ्या. ‘हॉट बटर्ड सोल’ची पहिली आवृत्ती एंटरप्राइज या उपलेबलवर निघाली, क्रमांक ईएनएस-१००१. त्याच एलपीवर नुसतं स्टॅक्स लिहिलेलं दिसलं, तर ती नंतरची प्रत.

निळ्या ४५ चं तसं नाही. चांगल्या अवस्थेतली सापडणं अवघड, शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच ४५ विनाइलच्या नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असत. स्टायरीन वरून चकाकतं, पण खराब सुईने आतून खाल्लेलं असतं. माझी पहिली निळी ४५ मी फोटो पाहून मागवली. दिसायला आरशासारखी, सुई टेकवली तर सगळी खरखर. तेव्हापासून विकणाऱ्याने वाजवून पाहिली आहे का, हे विचारल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. अमेरिकी ४५ चं मधलं भोक मोठं असतं, तेव्हा अ‍ॅडॉप्टरही हवा.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एलपी पिवळे घ्या, आणि मूळचेच घ्या. निळ्या काळासाठी आधी १९९१ चा नऊ सीडींचा संच ऐका. १९५९ ते १९६८ मधली स्टॅक्स आणि तिचं उपलेबल व्होल्ट यांची २४४ गाणी त्यात आहेत. जी आठ-दहा गाणी पाठ सोडणार नाहीत, तेवढ्याच ४५ शोधायला लागा. फक्त ओटिस ऐकायचा असेल, तर नवी मोनो आवृत्ती घ्यायला अजिबात संकोच करू नका. नाचायच्या संगीतासाठी जीव टाकणाऱ्यांनी मात्र माझं ऐकू नये, त्यांना ४५ शिवाय करमणार नाही.

पुण्या-मुंबईत मागवणार असाल, तर टपाल आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा. एकेक ४५ मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकत्र मागवलेल्या परवडतात. आणि पावसाळ्याआधी कव्हरं भिंतीला टेकलेल्या कपाटातून बाहेर काढा. बुरशी आधी पुठ्ठ्याला धरते, मग आतल्या कागदाला.