जाम बोल्टसाठी इंडक्शन हीटर: पावसाळाभर सस्पेन्शनच्या कामात वापरल्यानंतर

हातात धरून वापरायचा १००० वॅटचा इंडक्शन हीटर (तारेच्या कॉइलमध्ये धरलेलं लोखंड ज्वाळेशिवाय, चुंबकी क्षेत्राने तापवणारं मशीन) घ्यावा का, हे तुमच्याकडे येणारे बोल्ट नेमके कुठे जाम होतात त्यावर ठरतं. नटाने आटे धरले असतील तर याच्या तोडीचं हत्यार नाही. बोल्ट बुशच्या (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर, मधे लोखंडी नळी असलेलं) आतल्या नळीत गंजून बसला असेल, तर मात्र याचा उपयोग जेमतेम. तिथे शेवटी कापणंच आलं. उन्हाळ्याच्या शेवटी नाशिकमधल्या अंबडच्या गॅरेजात हे मशीन आलं आणि पावसाळाभर रोजच्या कामात राहिलं, त्यावरून हे मत.

नाशिक शहरातच फिरणाऱ्या गाडीचे बोल्ट बऱ्याच वर्षांनीही साध्या गोटी पान्याने सुटतात. त्रास देतात त्या वेगळ्या गाड्या. मुंबईहून जुनी घेतलेली, खारी हवा खाल्लेली गाडी. घोटी-इगतपुरीच्या पावसात रोज ये-जा करणारी. आणि निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांची पिकअप. फवारणीची टाकी मागे ठेवलेली असते, मोरचुदाचं पाणी खाली झिरपतं आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे नट अक्षरशः खाल्ले जातात. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत ते याच कारणाने. अशा पिकअपच्या यू-बोल्टवर हा हीटर उत्तम चालतो, कारण नट बाहेर मोकळा असतो आणि आसपास रबर नसतं. सुटलेला यू-बोल्ट परत लावायचा नाही, जोडी नवीनच घालायची.

हीटर हातात घेण्याआधी बोल्ट कुठे धरलाय ते बघा. नट हलतच नसेल तर आटे जाम आहेत. नट निघाला, पण बोल्टचं डोकं फिरवल्यावर बुशचं रबर सोबत पिळतं आणि पाना सोडला की डोकं परत मागे येतं, तर बोल्ट बुशच्या नळीला चिकटलाय. आणि डोकं नुसतंच गोल फिरत राहतं, बोल्ट काही बाहेर येत नाही, तर सबफ्रेमच्या (सस्पेन्शन जिला बसतं ती खालची चौकट) आत वेल्ड केलेला नट सुटलाय. तिन्हींचा इलाज वेगळा, आणि बहुतेक नुकसान हे न बघता एअर गन लावल्यामुळे होतं.

आता आटे जाम असलेलं काम. स्ट्रट (स्प्रिंगसकट बसणारा शॉकअब्सॉर्बर) जिथे नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) बसतो तिथले दोन बोल्ट घ्या. बऱ्याच गाड्यांत या बोल्टच्या डोक्याखाली बारीक दाते असतात आणि ते ब्रॅकेटमध्ये रुतलेले असतात. म्हणून डोकं धरून ठेवायचं आणि फिरवायचा तो नटच. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा. घाणेरड्या आट्यांवरून नट काढला तर तो अर्ध्यात परत अडकतो. चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज क्लिपमधून सोडवून बाजूला बांधा. कॉइल नटापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी निवडा, म्हणजे ती नटाला टेकत नाही. १७ किंवा १९ च्या नटाला पंधरा ते वीस सेकंद पुरतात. लाल व्हायची वाट बघायची नाही.

लाल न करता काम होतं, याचं कारण साधं आहे. पोलाद तापलं की फुगतं. १२ मिलिमीटरच्या भोकात ३०० अंशांनी फक्त ०.०४ मिलिमीटरचा फरक पडतो, पण गंजाची पकड मोडायला तेवढा पुरतो. हा फरक नट तापलेला आणि बोल्ट अजून थंड असेपर्यंतच असतो. इंडक्शनमध्ये उष्णता आधी नटाच्या बाहेरच्या थरात तयार होते, म्हणून हे जमतं. मिनिटभर तापवत बसलात तर बोल्टही तेवढाच फुगतो आणि फायदा गेला. म्हणून तापवा, लगेच पाना लावा, आधी किंचित आवळा, मग सोडा. अडलं की परत आवळा, परत सोडा. तरी नाही हललं तर पूर्ण थंड होऊ द्या आणि दुसऱ्यांदा तापवा. दुसऱ्या फेरीत बहुतेक नट ऐकतात. कोमट असताना आट्यांना मेणबत्ती लावली तर मेण वितळून आत ओढलं जातं. गंज सोडवणारा स्प्रे मात्र तापवायच्या आधी मारायचा नाही, पेट घेतो. मारायचा असेल तर आदल्या रात्री, आणि सकाळी पुसून काढा.

बॉल जॉइंटच्या पिंच बोल्टला एक गोष्ट जास्त लागते. हा बोल्ट जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून आडवा जातो. लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा हात) लटकत असेल तर दांडा बोल्टवर दाबून बसतो, आणि नट निघूनही बोल्ट घणाने हलत नाही. आर्मखाली जॅक देऊन थोडा वर-खाली करा, ज्या उंचीला बोल्ट हलका लागेल तिथे थांबा, मग पितळी पंचाने ठोका. जॉइंट परत वापरायचा असेल तर रबरी बुटावर ओलं फडकं गुंडाळून ठेवा.

बुशच्या नळीत चिकटलेल्या बोल्टवर हीटर चालवला की पहिल्यांदा रबर जळतं. धूर होतो, वास मारतो आणि बोल्ट तिथेच असतो, कारण नळीच्या पूर्ण लांबीवर गंज धरलेला असतो आणि कॉइल फक्त टोकापर्यंत पोहोचते. इथे बुश नवीन टाकायचा हे आधीच ठरवा, ग्राहकाला तसं सांगा, आणि ब्रॅकेट व बुश यांच्यामधल्या फटीतून रेसिप्रोकेटिंग सॉने दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. १०.९ ग्रेडच्या (जास्त मजबूत, कडक पोलादाच्या) बोल्टला साधं ब्लेड दाताला दात घासून संपतं. कार्बाइडचं घ्या, सावकाश चालवा. ग्राइंडरची चकती त्या फटीत सरळ जात नाही आणि ब्रॅकेट खाते. बोल्ट कॅमचा (फिरवून चाकाचा कोन जुळवायचा) असेल तर कापण्याआधी कॅमच्या जागेची खूण करून ठेवा.

सबफ्रेमच्या आतल्या नटाला कॉइलचा वेढा घालता येत नाही. तिथे चपटी कॉइल बाहेरच्या पत्र्यावर धरून तापवावी लागते आणि निकाल कमी-जास्त येतो. आतला नट एकदा सुटला की हीटर ठेवून द्या. पत्र्याला खिडकी पाडून नट धरावा लागतो, आणि ते काम वेल्डिंगच्या चांगल्या हाताचं आहे.

मशीनमधला सर्वात कच्चा दुवा म्हणजे कॉइलवरची काचतंतूची स्लीव्ह. तापलेल्या नटाला टेकली की ती काळी पडते, भुगा होते, आणि उघडी तार लोखंडाला लागली की शॉर्ट होतं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी कॉइल आधी जाते, तिची एक जास्तीची घेऊनच ठेवा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तशीच स्लीव्ह मीटरवर मिळते, ती चढवून कॉइल परत चालते. सलग दोन मिनिटांच्या वर चालवू नका, मग तेवढाच आराम द्या. करंट पाच अँपिअरच्या आसपास लागतो, पण लांब आणि बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं आणि तापायला वेळ लागतो. दीड स्क्वेअर एमएमची वायर वापरा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. ज्याला पेसमेकर आहे त्याने याच्या जवळ थांबायचंच नाही. शॉकअब्सॉर्बरच्या नळकांड्यावर कॉइल कधीच नाही, आत तेल आणि दाबाखालचा गॅस असतो.

तापवलेला नट-बोल्ट कचऱ्यात. ८.८ आणि १०.९ चा जोर उष्णता देऊन आणलेला असतो, तो तुमच्या तापवण्याने उतरतो, आणि नायलॉक नटातलं नायलॉन तर वितळलेलंच असतं. म्हणून काम सुरू करायच्या आधी कंपनीचे बोल्ट मागवून ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातला डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट सस्पेन्शनला लावायचा नाही, मापाला बसला तरी. नवीन बोल्ट घालताना अँटी-सीझ (बोल्ट परत जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) फक्त बुशच्या नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागाला लावा. आट्यांना लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकत्या आर्मने आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.