पालघर लोकसभा पोटनिवडणूक 2018 : एका मतदार-गिऱ्हाईकाचा उशिरा आलेला रिव्ह्यू

एकूण रेटिंग पाचपैकी दोन स्टार. एक स्टार निव्वळ करमणुकीला आणि एक लाल बावट्यावाल्यांना म्हणजे माकपला (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष), का ते खाली येईलच. हॉटेल नाहीतर मोबाईलचा रिव्ह्यू लोक दुसऱ्या दिवशी टाकून मोकळे होतात, पण निवडणुकीतली आश्वासनं हा असा माल आहे की तो चालतो का बघायला वर्षं जातात, म्हणून मी आत्ता लिहितोय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी 2018 मध्ये आमचे खासदार चिंतामण वनगा दिल्लीत वारले. भाजपचे जुने, आदिवासी भागातले साधे वकील माणूस, 2014 ला जवळजवळ दोन लाख चाळीस हजारांनी निवडून आले होते. मग मे महिन्याच्या सुरुवातीला वनगांचं कुटुंब थेट मातोश्रीवर, मुलगा श्रीनिवास शिवसेनेचा उमेदवार. भाजपकडे आता वनगाच नाही, तर त्यांनी काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं, जे आधी काँग्रेस सरकारात राज्यमंत्री होते आणि 2016 ला इथल्याच विधानसभा पोटनिवडणुकीत हाताच्या चिन्हावर सेनेकडून हरले होते. म्हणजे भाजपवाल्याचा मुलगा धनुष्यबाणावर आणि काँग्रेसवाला कमळावर! आणि हे दोन पक्ष तेव्हा राज्यात एकत्र सत्तेत होते हां, एकाच कॅबिनेटला बसून चहा पीत होते. बहुजन विकास आघाडीचे (बविआ) बळीराम जाधव शिट्टी घेऊन, काँग्रेसचे जुने खासदार दामोदर शिंगडा आणि माकपचे किरण गहला. खरी चुरस या पाच जणांत.

आता प्रचार. मी विरारला राहतो, त्यामुळे मला दिसला तो मुख्यतः विरार-नालासोपाऱ्याकडचा माल, डहाणू-जव्हारकडची बाजू मित्रांकडून आणि कामाच्या साइटवरच्या लोकांकडून ऐकलेली. मे महिना, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि सकाळी साडेनऊपासून रिक्षावरचा भोंगा. स्टेशनजवळ मराठी गाणं, तीच रिक्षा पूर्वेला गेली की हिंदी गाणं, चाल तीच, फक्त कॅसेट बदललेली. पेपरात रोज दोन-दोन पत्रकं. एक दिवशी दोन वेगळ्या पक्षांची पत्रकं एकात एक घडी घालून आली होती आणि दोन्हीत मजकूर असा की वनगा साहेबांचं स्वप्न आम्हीच पूर्ण करणार. अरे पण कुठलं स्वप्न? पाण्याचं? लोकलचं? कुपोषणाचं? ते पत्रकात शेवटी बारीक अक्षरात, "सर्वांगीण विकास" या एका शब्दात गुंडाळलेलं. दोन भावांनी वाटणीत म्हाताऱ्याच्या फोटोवरून डोकी फोडावीत आणि गळक्या छपराकडे कोणी बघू नये, तसला प्रकार.

शिवसेनेचा प्रचार प्रॉडक्ट म्हणून बघितला तर पॅकिंग एक नंबर. भाजपने पोरक्या कुटुंबाला विचारलं नाही, आम्ही आधार दिला, हा एकच मुद्दा आणि तो गावागावात पोचला, एकनाथ शिंदे इथेच तळ ठोकून बसले होते. उमेदवार स्वतः फार बोलायचा नाही, बोलायची गरजच ठेवली नव्हती. उद्धव ठाकरेंनी सभेत ती तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीसांच्या आवाजातली "साम दाम दंड भेद"वाली क्लिप ऐकवली तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. फडणवीस म्हणाले क्लिप तोडून-मोडून ऐकवलीय, पूर्ण ऐका. आता पूर्ण असो की अर्धी, त्यात आमच्या पाण्याचा उल्लेख कुठे होता का, तर नाही. असो.

भाजपचा प्रचार म्हणजे मनुष्यबळ. मुख्यमंत्री, मंत्री, शेवटी योगी आदित्यनाथ पण विरारला, कारण वसई-नालासोपाऱ्यात उत्तर भारतीय मतदार किती आहे ते सगळ्यांना माहीत. त्यातून पण कामाचं काय निघालं तर योगींनी खडावा न काढता शिवाजी महाराजांना हार घातला म्हणून वाद, आणि मग त्यावर उद्धव ठाकरेंचं त्याच चपलेने मारावंसं वाटलं हे वाक्य, आणि मग त्या वाक्यावर उत्तर. चार दिवस गेले त्यात. प्रचाराला मिळतात किती दिवस, त्यातले चार हे असे!

गंमत म्हणजे त्या महिन्यातलं आमच्याकडचं सगळ्यात जोरदार भाषण ज्या पक्षाचं झालं त्याचा उमेदवारच नव्हता. 1 मेला राज ठाकरे वसईत बुलेट ट्रेनवर बोलले, रूळ उखडून टाका वगैरे, टाळ्या शिट्ट्या सगळं. लोक घरी गेले. मत कोणाला द्यायचं यावर काहीच नाही. फ्री सॅम्पल मिळालं, दुकानात माल नाही.

बविआबद्दल मी जरा मऊ आहे हे आधीच सांगतो, कारण इथली महापालिका त्यांची, नळ गेला गटार तुंबलं तर जायचं त्यांच्याचकडे. बळीराम जाधव 2009 ते 2014 खासदार होते, म्हणजे हा माल आधी वापरलेला. त्यांचं म्हणणं सोपं, आम्ही इथलेच, बाकीचे बाहेरून येऊन भांडतायत. खरंय. पण महापालिका इतकी वर्षं हातात असून लोकांना टँकर घ्यावे लागत होते हे पण खरं, आणि गावं महापालिकेतून वगळायचा वाद वर्षानुवर्षं लोंबकळत होता त्यावर शिट्टी वाजली नाही. मला एका कार्यकर्त्याने (पक्ष नाही सांगत) विचारलं काय पाहिजे तुम्हाला, मी म्हटलं बाबा दिवसाआड एक तास पाणी, तर म्हणे नाव आणि मोबाईल नंबर द्या. दिला. त्यानंतर निवडणूक होईपर्यंत रोज तीन रेकॉर्डेड कॉल, पाणी मात्र त्याच्या त्याच वेळेला.

काँग्रेसचा प्रचार मला दिसलाच नाही, म्हणून रेटिंग देत नाही, अन्याय होईल.

आता गहला. माकपकडे होर्डिंग नाही, हेलिकॉप्टर नाही, विरारमध्ये तर कोणाला नाव पण माहीत नव्हतं. पण मार्चमध्ये नाशिक ते मुंबई जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च आला, पायाला फोड आलेली ती माणसं, त्यात आपल्या जिल्ह्यातले आदिवासी किती होते ते तलासरी-डहाणूकडे विचारा. त्यांचं म्हणणं दोन-तीन ओळींचं, वनहक्काची जमीन नावावर करा, रेशन द्या, बुलेट ट्रेन आणि एक्सप्रेस हायवेला जमीन जबरदस्तीने घेऊ नका. पटो न पटो, पण या सगळ्या गोंधळात हा एकच माल होता ज्याच्यावर आत काय आहे ते लिहिलेलं होतं. मी त्यांना मत दिलं नाही, ते पण सांगतो, मला लोकल आणि पाणी पाहिजे होतं आणि ते त्यांच्या यादीत नव्हतं. तरी स्टार त्यांना.

28 मे, सोमवार, मतदान. आमची अर्धी सोसायटी कोकणात गावाला, आंबे-फणस सोडून कोण येतो मत द्यायला, पोटनिवडणूक मे मध्ये लावणाऱ्याला हे कळत नसेल असं नाही. त्यात मशीनं बंद पडायला लागली, उन्हामुळे म्हणे. पन्नाशीचे लोक रांगेतून कंटाळून परत गेले. संध्याकाळी टक्केवारी 46 च्या आसपास सांगितली आणि नंतर ती 53 वर गेली, मग त्यावरून सेनेचा आरडाओरडा. यंत्रणेच्या सर्व्हिसला अर्धा स्टार पण जास्त.

31 मेला निकाल. गावित 2,72,782, वनगा 2,43,210, जाधव 2,22,838, गहला 71,887 आणि शिंगडा 47,714. म्हणजे दहातल्या सात जणांनी जिंकलेल्याला मत दिलंच नव्हतं. आणि ज्यांचं नाव विरारला माहीत नव्हतं त्यांनी काँग्रेसच्या माजी खासदाराला मागे टाकलं, यावर टीव्हीवर दोन मिनिटं पण कोणी बोललं नाही.

आता वॉरंटी पिरियडमध्ये काय झालं ते वाचा, खरा रिव्ह्यू इथेच आहे. वर्षभरात युती परत झाली, 2019 ला पालघरची जागा सेनेला गेली आणि उमेदवार कोण? तेच गावित, धनुष्यबाणावर! जिंकले पण. ज्या कुटुंबाला आधार द्यायला सगळा मे महिना जाळला त्या श्रीनिवास वनगांना विधानसभा दिली, ते पण आमदार झाले. 2022 ला सेना फुटली तर दोघेही शिंदेंबरोबर, एकाच गटात. 2024 ला लोकसभा भाजपने स्वतःकडे घेऊन हेमंत सवरांना दिली, गावित भाजपमध्ये गेले आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला परत शिंदे सेनेत आले, तिकीट कोणाचं कापून? वनगांचं. तो माणूस कॅमेऱ्यासमोर रडला आणि मग काही काळ त्याचा पत्ताच लागेना. राजकारणात मला कोणाची फार दया येत नाही, पण ते बघताना आली, 2018 मध्ये ज्याच्या डोळ्यातल्या पाण्यावर मतं मागितली होती तोच हा मुलगा.

डिलिव्हरी म्हणाल तर सूर्या धरणाच्या 403 एमएलडीच्या (रोज 403 दशलक्ष लिटर) योजनेचं पाणी आमच्याकडे आलं, उशिरा का होईना, त्याचं श्रेय घ्यायला सगळे पक्ष हजर होते. बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी पालघरला येऊन केलं, मच्छीमारांचा विरोध होता तिथेच. विरार-डहाणू रेल्वेचं चौपदरीकरण मंजूर झालं 2016 च्या शेवटी, म्हणजे पोटनिवडणुकीच्याही आधी, बहुतेक उमेदवारांनी ते स्वतःच्या खिशातून काढल्यासारखं सांगितलं होतं आणि 2024 ची लोकसभा आली तरी काम चालूच होतं. तेव्हा सुद्धा पत्रकात तो मुद्दा होता, फोटो तेवढे बदलले होते.