फोटो मोठा करायच्या आधी फाईल उघडून बघणारी लॅब

आजीच्या पंच्याहत्तरीला भिंतीवर लावायला १२ बाय १८ इंचाची फ्रेम करायची होती म्हणून या लॅबमध्ये गेले. पाच स्टार देतेय त्याचं मोठं कारण म्हणजे काउंटरवरच्या दादांनी पैसे घ्यायच्या आधी फाईल कॉम्प्युटरवर उघडून बघितली. बाकी बऱ्याच ठिकाणी साईज विचारतात, मॅट का ग्लॉसी विचारतात आणि प्रिंट हातात देतात, मग ती कशीही येवो.

फोटो फॅमिली ग्रुपवर आलेला होता. दादा लगेच म्हणाले, ताई हा व्हॉट्सॲपवरून आलेला आहे, १६०० बाय १२०० पिक्सेल आहेत, ४ बाय ६ ला बिनधास्त चालेल, पण १२ बाय १८ ला इंचाला नव्वदसुद्धा मिळत नाहीत, डोळे, भुवया, साडीचा काठ सगळं मऊ पडेल. ज्यांनी काढलाय त्यांच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे साईज कमी न होता येईल. मामेभावाला तिथूनच फोन केला, त्याने पाठवला, ४००० बाय ३००० निघाला. १८ इंचाला भागलं तर इंचाला साधारण २२२ पिक्सेल पडतात. दादांचं म्हणणं की हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० पाहिजेत, भिंतीवर लांबून बघायच्या फोटोला २०० मध्ये काम होतं, आणि रस्त्यावरच्या फ्लेक्सला तर ७२ सुद्धा खूप झाले कारण तो कोणी नाक लावून बघत नाही. फ्रेम इतकी सुंदर आलीय ना, आजीच्या डोळ्याखालच्या सुरकुत्या आणि पैठणीवरचा मोर स्पष्ट दिसतोय.

हिशोब एकदम सोपा आहे, प्रत्येकाला यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हातात धरून बघायची प्रिंट जेवढ्या इंचाची त्याला ३०० ने गुणायचं. ४ बाय ६ म्हणजे १२०० बाय १८००, ८ बाय १२ म्हणजे २४०० बाय ३६००. मोबाईलवर फोटोच्या डिटेल्समध्ये पिक्सेल लिहिलेले असतात, तिथे बघून घ्यायचं. काही दुकानात "३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) करून आणा" एवढंच सांगतात आणि लोक बिचारे कुठल्यातरी ॲपमध्ये ७२ चा आकडा ३०० करून आणतात. फाईलवरचा नुसता तो आकडा बदलून काहीच होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात. आणि हो, ग्रुप फोटोतून एकट्याचा चेहरा कापला की पिक्सेल पण तेवढेच कमी झाले, घरातलं माणूस गेल्यावर घाईत असेच फोटो मोठे करतात आणि मग वर्षानुवर्षं तो धुरकट चेहरा भिंतीवर राहतो, फार वाईट वाटतं बघून. तेव्हा आईवडिलांचे एकेकट्याचे चांगले फोटो ओरिजिनल साईजमध्ये ठेवाच.

आजोबांचा जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो पण इथेच स्कॅन केला. मोबाईलने फोटोचा फोटो काढला की चमक येते आणि एखादी कड तिरकी होते, त्यापेक्षा काचेवर फोटो सपाट ठेवायचा फ्लॅटबेड स्कॅनर कधीही चांगला. त्यांनी इंचाला ६०० पिक्सेलवर स्कॅन केला, म्हणजे ४ बाय ६ चा फोटो ८ बाय १२ पर्यंत मोठा करता येतो. १२०० वर करा म्हटलं तर नको म्हणाले, मूळ प्रिंटमध्येच तेवढं बारीक काही नसतं, फाईल उगाच जड होते. एआयने क्लिअर करून देतो असं हल्ली सगळीकडे सांगतात, इथे त्यांनी एक करून दाखवला आणि स्वतःच सांगितलं की चेहरा प्लास्टिकसारखा गुळगुळीत होतोय आणि नाक बदलतंय, नका घेऊ. धंदा सोडून खरं सांगितलं हे मला फार भावलं.

आता दोन गोष्टी सुधारायला पाहिजेत. एक म्हणजे मोबाईलच्या फोटोचं लांबी-रुंदीचं प्रमाण सहसा ४:३ असतं आणि ४ बाय ६ चा कागद ३:२, त्यामुळे लांब बाजू ६ इंच भरली की रुंदीत अर्धा इंच कापला जातो, हे ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बारशाच्या प्रिंट्समध्ये एका फोटोत काकूंचा अंबाडाच गेला. पूर्ण फोटो पाहिजे असेल तर पांढरी पट्टी सोडून काढा असं आधीच सांगा, किंवा साडेचार बाय सहाची साईज मिळते का विचारा. दुसरं म्हणजे त्यांचं ऑटो करेक्शन सावळ्या चेहऱ्यांना उजळ करतं. पहिल्या टेस्ट प्रिंटमध्ये आजी गोरी झाली होती, मला अजिबात नको होतं ते, करेक्शन बंद करून परत काढायला लावलं आणि त्यांनी कुरकुर न करता, जास्तीचे पैसे न घेता काढून दिली. तुम्ही गेलात तर प्रिंटला टाकायच्या आधीच "रंग आहे तसाच ठेवा" म्हणून सांगा, आणि लग्नसराईत जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर अल्बमवाल्यांची गर्दी असते, तेव्हा असं निवांत फाईल बघून घेणं जमत नाही त्यांना.