दात मिटून दाखवा, असं कुणी म्हणालंच नाही

माझी हनुवटी लहान आहे. बाजूने पाहिलं तर खालचा ओठ संपतो आणि जवळजवळ तिथूनच मान सुरू होते. विशीपासून दाढी राखून ते झाकत आलो. एकतिसाव्या वर्षी वाटलं, हा विषय एकदाचा मिटवून टाकू. ज्या सौंदर्यशस्त्रक्रिया केंद्रात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण वाद अजून चालू आहे. तिथे माझ्याशी जे झालं ते मात्र सविस्तर लिहितो.

पहिल्या भेटीत डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर म्हणून एक बाई बसल्या होत्या, बोलायला अतिशय गोड. त्यांनी माझा बाजूने फोटो काढला, टॅबलेटवर बोटाने हनुवटी पुढे ओढली आणि टॅबलेट माझ्यासमोर धरला. खरं सांगतो, मी तिथेच विकला गेलो. आयुष्यभर जो चेहरा हवा होता तो समोर दिसत होता. ते चित्र म्हणजे नुसतं रेखाटन आहे, त्यात ना हाड आहे ना स्नायू, हे सुचण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मग आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. घरी आल्यावर तेच फोटो त्यांच्या जाहिरातीत नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं की 'आधी'च्या प्रत्येक फोटोत माणसाने मान आत ओढून खाली घातली आहे आणि 'नंतर'च्या फोटोत मान उंचावलेली आहे. पण ते पाहिलं ऑपरेशन झाल्यावर, पडून होतो तेव्हा.

"सर, हनुवटीत छोटा तुकडा, म्हणजे इम्प्लांट, बसवायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. शुक्रवारी करा, सोमवारी ऑफिसला जा. आज बुकिंग केलंत तर सवलत मिळेल." मी आगाऊ रक्कम भरली. ती परत मिळत नाही हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. डॉक्टर शेवटी चार मिनिटं आले, हनुवटी चिमटीत धरून पाहिली, "छान होईल" म्हणाले आणि गेले.

हाड कापून पुढे सरकवण्याची पद्धतही असते ना, असं मी विचारलं होतं. "ते जुनं झालं हो, कशाला हाड कापून घेता" असं उत्तर मिळालं. ती पद्धत जुनी आहे, हे खरंच. ओटो होफर यांनी 1942 मध्ये तिचं वर्णन केलं आणि 1957 मध्ये ट्राउनर आणि ओबवेगेझर यांनी ती तोंडाच्या आतून करून दाखवली. पण जुनी म्हणून ती टाकाऊ झालेली नाही. दातांच्या मुळांच्या खाली हाड आडवं कापतात, हवं तितकं पुढे, वर किंवा खाली बसवतात आणि प्लेट-स्क्रूने पक्कं करतात. जागेवर राहतं ते आपलंच हाड. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिइथिलिनचा तयार तुकडा. तो हाडावर बसवतात, ओठाच्या आतून किंवा हनुवटीखाली छोटा छेद घेऊन. योग्य माणसाला दोन्ही चांगलं. आपण कुठल्या प्रकारात बसतो हे ठरवण्यासाठी आधी तपासणी लागते, आणि माझी ती झालीच नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सलाईन लावून झाल्यावर संमतिपत्र हातात दिलं. सात पानं, आणि गुंगीचं औषध आधीच सुरू झालेलं. सही केली. मास्कमागून आला तो आवाज त्या चार मिनिटांच्या डॉक्टरांचा नव्हता. डिस्चार्जच्या कागदावर ऑपरेशन कुणी केलं ते लिहिलेलं नाही. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, आकार आणि लॉट नंबर असलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णाच्या कागदांवर लावतात, म्हणजे पुढे काढायची किंवा बदलायची वेळ आली तर आत काय आहे ते कळतं. माझ्या कागदावर तीही नाही.

सोमवारी ऑफिस? सोमवारी मला प, ब, म म्हणता येत नव्हतं. ओठ लाकडासारखा, आतल्या टाक्यांमुळे जेवण पातळ, प्रत्येक घासानंतर चूळ भरायची आणि लाळ गळतेय हे कळतही नव्हतं. हे सगळं अपेक्षितच असतं, हे नंतर समजलं. ठळक सूज उतरायला साधारण दोन-तीन आठवडे, खरा आकार दिसायला काही महिने. हे आधी सांगितलं असतं तर मी रजा टाकून निमूट पडून राहिलो असतो.

सहा आठवड्यांनी हनुवटी उजवीकडे उचललेली दिसायला लागली. उजव्या बाजूचा ओठ बधिरच. फोन केला की एकच उत्तर, "सूज आहे, वाट बघा." त्यांच्या सगळ्या थापांमध्ये मला ही सर्वांत हुशार वाटते, कारण ती अर्धी खरी आहे. सूज असतेच आणि सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारखी नसते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फरक समजावला: सूज आठवड्यागणिक कमी होत जाते. सूज उतरतेय तसा वाकडेपणा जास्तच स्पष्ट दिसत असेल तर ती सूज नव्हे. आणि लाली, ताप, पू यांपैकी काही असेल तर वाट पाहायचीच नाही. मी चार महिने वाट पाहिली. मग केंद्राने सुचवलं की फिलर, म्हणजे इंजेक्शनने टोचायची जेल, भरून दोन्ही बाजू सारख्या करू, अर्थात वेगळे पैसे देऊन. ह्यालुरॉनिक ॲसिडचा फिलर काही महिन्यांत ते वर्ष-दीड वर्षात विरतो आणि चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते, यातलं अवाक्षर काढलं नाही.

शेवटी बायकोने ओढत नेलं तेव्हा जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. खुर्चीत बसलो आणि हनुवटीकडे बोट दाखवायच्या आत त्या म्हणाल्या, "दात मिटून दाखवा."

मी दात मिटले. वरचे दात खालच्यांच्या नऊ मिलिमीटर पुढे होते. साधारण दोन-तीन असतात. बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे आला आणि त्यांनी पेन्सिलने रेषा मारून दाखवलं: हनुवटी लहान नव्हतीच, अख्खा खालचा जबडा मागे होता. हनुवटी फक्त त्याच्याबरोबर मागे गेलेली. तुम्ही घोरता का, असंही विचारलं. बायको हसली. घोरण्याचा याच्याशी संबंध असू शकतो, मागे असलेल्या जबड्याने झोपेत श्वासाची वाट अरुंद होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्या केंद्रात मी तीनदा गेलो होतो. आरसा दाखवला, टॅबलेट दाखवला, पावती दाखवली. तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही.

इम्प्लांट हनुवटीच्या टोकावर बसायला हवं होतं, ते वर, दातांच्या मुळांच्या दिशेला बसवलेलं होतं आणि खालचं हाड थोडं झिजायला लागलं होतं. उपदाढांच्या खाली जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक छिद्र असतं, तिथून ओठाला संवेदना देणारी नस बाहेर पडते. इम्प्लांटची उजवी कड तिथे टेकलेली होती. आत कुठल्या कंपनीचा तुकडा आहे हे डॉक्टरांना कागदावरून कळायला मार्ग नव्हता. काढल्यावर तो साधा गुळगुळीत सिलिकॉनचा निघाला. बिल मी 'विशेष सच्छिद्र' इम्प्लांटचं भरलं होतं. काढताना हनुवटीचा स्नायू पुन्हा हाडाला नीट शिवावा लागतो, नाहीतर मांस खाली लोंबतं, म्हणून ते कामही पहिल्याइतकंच नाजूक होतं.

या डॉक्टरांनी मात्र स्वप्न दाखवलं नाही. जबडा पुढे आणण्याच्या ऑपरेशननेही ओठ बधिर होऊ शकतो, कधी कायमचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि आधी दीडेक वर्ष तारा लावाव्या लागतील हेही. सगळं ऐकून घरी जा, कागद वाचा, प्रश्न लिहून आणा, म्हणाल्या. प्रश्न आणले तेव्हा एकेकाचं उत्तर दिलं. ऑपरेशन कोण करणार, असं विचारलं तर स्वतःचं नाव लिहून दिलं.

जुन्या केंद्राकडे मी माझी पूर्ण फाइल लेखी मागितली आहे: ऑपरेशनची नोंद, इम्प्लांटचा तपशील, आधीचे फोटो. आलं ते एक पान, त्यावर 'रुग्ण समाधानी' असा शेरा. लेखी उत्तर पाठवलं आहे, पोच जपून ठेवली आहे. केंद्राबरोबरचं चॅट मिटवायच्या भानगडीत पडलो नाही हे एकच शहाणपण मी केलं. सोमवारी ऑफिसवाला निरोप त्यात जसाच्या तसा आहे.

सध्या दातांवर तारा आहेत आणि दाढी पुन्हा वाढली आहे. उजव्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं तर अजून मला कळत नाही, बायकोच हातरुमाल पुढे करते.