स्वेटर की विंडचीटर? पहाटे गाडीवरून जाणाऱ्यांसाठी

थंडी सुरू झाली की आपल्याकडं पहिल्यांदा ट्रंकेतनं स्वेटर बाहेर येतो. घरात, अंगणात, दूधकट्ट्यावर पेला हातात घेऊन उभं राहायला तो उत्तमच. पण ज्याला सातच्या पाळीसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मोटारसायकलवरून जायचंय, त्यानं यंदा पैसे कशावर घालायचे? माझं मत पहिल्यांदाच सांगतो: विंडचीटरवर, म्हणजे वारा अडवणाऱ्या पातळ जाकिटावर.

अंगाच्या उबेनं कातडीलगतची हवा तापते आणि तिचा एक पातळ थर अंगाला धरून राहतो. वारा हा थर उडवून नेतो. अंग परत नवी हवा तापवायला लागतं, तीही जाते. म्हणून पारा तोच असला तरी वाऱ्यात थंडी जास्त लागते. अंटार्क्टिकात सिपल आणि पासेल या दोघा अमेरिकी संशोधकांनी पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून याचा पहिला हिशेब मांडला. आज अमेरिका आणि कॅनडात या हिशेबाला वापरतात ते सूत्र २००१ सालचं आहे.

ते सूत्र १० अंश आणि त्याखालीच चालतं. कोल्हापूरचा पारा बहुतेक रात्री त्याच्या वरच असतो, म्हणून खालचे आकडे एखाद्या कडाक्याच्या पहाटेचे समजा. हवा १० अंशांवर असताना ताशी २० किलोमीटर वाऱ्यात ती साधारण ७ अंशांसारखी लागते, ४० ला ६, तर ६० ला ५. मोठी घसरण पहिल्या वीसातच होते. त्यामुळं ‘मी सावकाश चालवतो, मला काय होतंय’ म्हणणाऱ्यालाही वारा सोडत नाही. शिवाय सूत्रातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि तोंडाच्या उंचीला तो कमी धरलेला असतो. गाडीवर तो थेट छातीवर येतो, म्हणजे चाळीसच्या वेगाला ५ च धरा. बाटलीतलं पाणी मात्र कितीही वारा लागला तरी १० च्या खाली उतरत नाही. वाऱ्यानं उब लवकर जाते, हवा गार होत नाही.

आता स्वेटर. त्याची सगळी ताकद विणीत अडकलेल्या हवेत असते. गाडीवर वारा त्या विणीतनं आरपार जातो आणि जाड, महागडा स्वेटरही पुलावर पोहोचेपर्यंत गार पडतो. पंचगंगेच्या पुलावर तर हे हमखास जाणवतं. रात्री गार हवा नदीच्या सखल भागात साठते आणि तिथं आडोसाही नसतो.

विंडचीटर स्वतः ऊब देत नाही, हेही खरं. टी-शर्टवर नुसता घातला तर कुडकुडायला होईलच. पण घरातला जुना स्वेटर आत आणि विंडचीटर वर, ही जोडी नव्या भारी स्वेटरला सहज मागं टाकते. घेताना गळा वरपर्यंत बंद होतो का आणि मनगटाला इलॅस्टिक आहे का, एवढं बघा. पावसाळ्यातला रेनकोट वारा अडवतो, पण घाम बाहेर जाऊ देत नाही. आतनं ओलं झालं की उतरल्यावर जास्तच हुडहुडी भरते. दोनचार दिवस चालवून घ्यायला ठीक. अगदीच काही नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला, खरंच फरक पडतो.

घोंगड्याला मात्र मी कमी लेखणार नाही. रानात रात्री पाणी पाजायला बसणाऱ्याला दख्खनी मेंढीच्या लोकरीसारखं दुसरं काही नाही. ती थोडी भिजली तरी ऊब धरते. गाडीवर ते पांघरू नका, चाकात जायची भीती असते.

एक गोष्ट या दोन्हींच्या आधी घ्या: हातमोजे. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, आणि धुक्यात पुढं उसाचा ट्रॅक्टर आलेला असतो. लोकरीचे हातमोजे इथंही कमीच पडतात, बाहेरनं वारा न शिरणारे घ्या.

लहान लेकराला स्कूटरवर पुढं उभं करू नका. सगळा वारा त्याच्यावर येतो, आणि एवढ्याशा अंगातली ऊब आपल्यापेक्षा लवकर जाते. मागं, दोघांच्या मध्ये बसवा, कानटोपी घाला.

कुणी थरथरत असेल, बोलणं अडखळत असेल, गोंधळल्यासारखं करत असेल, तर शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली चाललं असण्याची शक्यता असते. भिजलेला माणूस तर बर्फ पडत नसतानाही या अवस्थेला जातो. त्याला आडोशाला घ्या, ओले कपडे काढा, आधी छाती-पोट गुंडाळा. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय जोरानं चोळू नका. दारू तर अजिबात नको. तिनं गरम वाटतं, पण कातडीकडं रक्त जाऊन ऊब आणखी बाहेर पडते. थरथर थांबली आणि माणूस सुस्त पडला, तर बरं वाटतंय असं समजू नका, लगेच १०८ ला फोन करा.